आमच्या भागात चार मजल्यांना परवानगी द्यावी का? हरकतीवर सही करण्याआधी विचारते आहे

निशिगंध

आमचा भाग बैठ्या घरांचा आहे. एका भूखंडावर एकच घर, फार तर वर एक मजला, असा इथला नियम. नव्या विकास आराखड्याच्या मसुद्यात तो बदलून एका भूखंडावर चार मजले आणि आठ-दहा सदनिका बांधायची मुभा सुचवली आहे. हरकती-सूचनांची मुदत चालू आहे. गल्लीतल्या जवळपास सगळ्यांनी सामुदायिक हरकतीवर सह्या केल्यात आणि तो कागद आता माझ्याकडे आला आहे.

पाणी, गाड्या, ऊन-वारा आणि झाडं अशी कारणं दिली आहेत. शेवटी लिहिलंय की बाहेरच्या लोकांची वर्दळ वाढून परिसराचं स्वरूप बिघडेल. पहिल्या चार कारणांवर मी आत्ता सही करेन, पण शेवटच्या वाक्यापाशी हात अडतो. याच गल्लीत वाढलेली मुलं कमावती झाली, पण त्यांना इथं राहता येत नाही. विकत सोडाच, भाड्यानंही नाही, कारण लहान घरं इथं नाहीतच. तीही आता बाहेरची झाली का?

ज्यांच्या भागात असा बदल झाला किंवा होता होता राहिला, त्यांचे अनुभव वाचायचे आहेत. विरोध नेमका कशाला करावा आणि कशाला करू नये?

वाटसरू

सही करा. आज चार मजले म्हणतील, उद्या सहा, परवा 'विशेष बाब' म्हणून अकरा. एकदा दिलेली मुभा परत घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पागोळी

वाटसरूंना अनुमोदन. आमच्या शेजारी जुनं घर पाडून इमारत झाली. मजल्यांचा त्रास एक वेळ सोसला असता. तळघरातल्या पार्किंगसाठी त्यांनी कुंपणाच्या भिंतीला अगदी खेटून खोदलं. आमचं जुनं आंब्याचं झाड भिंतीच्या आमच्याच बाजूला, पण त्याची अर्धी मुळं पलीकडे गेलेली. ती तुटली. पहिल्या वर्षी त्या बाजूच्या फांद्यांना पालवी फुटली नाही, मग साल सुटायला लागली, आणि नंतरच्या एका वादळात झाड त्याच बाजूला कललं. कागदोपत्री एकही झाड तोडलेलं नाही. परवानगीच्या अर्जात तर आमच्या झाडाचा उल्लेखही नव्हता, कारण ते 'त्यांच्या भूखंडावर' नव्हतं.

भाडेकरू

निशिगंधताई, नाव वाचून माझी बाजू कळलीच असेल. सही करू नका.

सुनावणीला कोण येतं ते एकदा बघा. ज्यांचं घर आधीच आहे तेच येतात. जो त्या चार मजल्यांत राहायला येऊ शकला असता, तो त्या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी टोकाला कामावर असतो, आणि आपण उद्या तिथं राहणार आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. तो हरकत काय घेणार आणि पाठिंबा काय देणार! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या गावोगावच्या नियोजन मंडळांची इतिवृत्तं बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासली. बोलायला उठणारे लोक तिथल्या सर्वसाधारण मतदारांपेक्षा वयानं मोठे होते, त्यांत पुरुष जास्त होते, घरमालक जास्त होते आणि बरीच वर्षं तिथंच राहणारे जास्त होते. त्यातले बहुतेक जण नव्या घरांच्या विरोधात बोलले. सभागृहात एकमत दिसतं ते असं.

मी आजवर जिथं जिथं राहिलो तिथं घर शोधताना एकच गोष्ट आडवी आली. कामाच्या जवळ घरं आहेत, पण ती मोठी आहेत आणि मोजकी आहेत. कुणी वाईट वागलं नाही माझ्याशी. नियमच असा की माझ्यापुरतं घर तिथं बांधणं बेकायदा.

वाटसरू

भाडेकरू, तुमची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही. पण तिचं ओझं एका गल्लीनं का उचलायचं? आमच्या कोपऱ्यावर सांडपाण्याचं चेंबर आहे. आहे त्या घरांच्या वापरालाच ते भरतं. पाऊस लागून राहिला की झाकण आधी थडथडतं, मग एका कडेनं उचललं जातं आणि काळं पाणी उताराच्या घरांच्या फाटकापर्यंत जातं. खालची नळी जुनी, लहान व्यासाची, मुळं शिरून निम्मी बुजलेली. तिच्यावर आठपट घरं जोडायची म्हणता. नळी आधी बदला, मग मजल्यांचं बोलू. यात स्वार्थ कुठे आला?

ओळंबा

वाटसरूकाकांचा मुद्दा योग्य आहे, त्यात थोडी भर घालतो. मी इमारतींचे आराखडे करतो.

नळी कधीतरी बदलावीच लागणार. तेवढ्याच लांबीच्या नळीवर बारा घरं असली तर तो खर्च बारा घरांत वाटला जातो, साठ असली तर साठ घरांत. शहर बाहेरच्या बाजूला पसरलं तर नवीन नळी, नवीन रस्ता, नवीन दिवे हे सगळं लांबच लांब टाकावं लागतं आणि कायम सांभाळावंही लागतं. म्हणून दाट वस्ती सोयींवर ताण आणते हे जितकं खरं, तितकंच विरळ वस्तीला दरडोई जास्त नळी लागते हेही खरं. गडबड होते ती क्रमात. परवानग्या आधी सुटतात आणि नळी मागून येते, किंवा येतच नाही. हरकत घ्यायची तर या क्रमावर घ्या.

आणखी एक. मजले आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चटई क्षेत्र, म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम, तेवढंच ठेवून तुम्ही भूखंडभर पसरलेली दुमजली इमारत करू शकता, किंवा चौथाई जागेत उंच इमारत करून बाकी जागा मोकळी सोडू शकता. पॅरिसमध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,००० माणसं राहतात आणि बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्याच आहेत. दाट म्हणजे टोलेजंग असं नाही.

मैना

विरोधाच्या कारणांवरून आठवलं. कॅलिफोर्नियात २०२१ साली कायदा झाला की एका घराच्या भूखंडाचे दोन भाग करता येतील आणि दोन-दोन घरं बांधता येतील. वुडसाइड नावाच्या श्रीमंत गावानं २०२२ च्या सुरुवातीला जाहीर केलं की आमचं अख्खं गाव म्हणजे डोंगरी सिंहाचा (प्यूमाचा) अधिवास, सबब हा कायदा इथं लागू नाही! राज्याच्या महाधिवक्त्यांनी पत्र पाठवलं आणि गावानं निर्णय मागे घेतला. सिंहाला कुणी विचारलं होतं का कोण जाणे :)

रानवारा

हाहा मैना! पण पर्यावरणाचं नाव पुढे करणं ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मी झाडांसाठी भांडणाऱ्यांपैकी आहे, आणि त्यामुळेच मला याचा जास्त राग येतो. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरानं डिसेंबर २०१८ मध्ये नवा आराखडा मंजूर करून शहरभर एका भूखंडावर तीन घरांची मुभा दिली. त्याविरुद्ध पर्यावरणाच्याच कायद्याखाली दावा दाखल झाला. न्यायालयानं काही काळ अंमलबजावणी रोखली, आणि शेवटी २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळाला कायदा करून मार्ग काढावा लागला. शहरात जे घर होऊ दिलं नाही ते शहराबाहेर शेतजमिनीवर किंवा रानात होतं, आणि तिथून रोज गाडी शहरात येते. ते रान वाचवायला मात्र कुठली गल्ली सह्या करत नाही.

तळटीप

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही चर्चा हवेत राहते.

फक्त एका कुटुंबाच्या घरासाठी राखीव विभाग करण्याची पद्धत अमेरिकेत १९१६ साली बर्कली शहरात सुरू झाली असं मानतात. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णानुसार वस्त्या ठरवणारे नियम रद्द केले. त्यानंतर वर्णाचा उल्लेख न करता तोच परिणाम साधायचे मार्ग निघाले. किमान भूखंड मोठा ठेवा, सदनिकांना मनाई करा, म्हणजे कमी मिळकतीचे लोक आपोआप बाहेर. १९२६ च्या, युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वापर-विभागांची, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं ते आधीच ठरवण्याची, पद्धत वैध ठरवली. त्या निकालपत्रात बंगल्यांच्या वस्तीतली सदनिकांची इमारत म्हणजे निव्वळ बांडगूळ आहे, या अर्थाचं वाक्य आहे. इमारत आजूबाजूच्या मोकळ्या जागेचा आणि प्रसन्न वातावरणाचा फायदा घेते आणि मग तेच नष्ट करते, असा युक्तिवाद. शंभर वर्षं होत आली, तरी सुनावण्यांमध्ये आजही हाच सूर ऐकू येतो.

बर्कलीच्याच नगर परिषदेनं २०२१ मध्ये ही पद्धत संपवण्याच्या बाजूनं ठराव केला.

वाटसरू

तळटीप, माहिती चांगली आहे, पण दुसऱ्या देशातल्या वर्णद्वेषाचं पाप माझ्या चेंबरवर कशाला? माझ्या गल्लीत कोण यावं याच्याशी मला देणंघेणं नाही. येणाऱ्याच्याही फाटकात तेच काळं पाणी येणार आहे.

तळटीप

काका, तुम्हाला उद्देशून नव्हतं. धागाकर्तीनं अर्जातल्या शेवटच्या वाक्याबद्दल विचारलं, त्याला उत्तर होतं. पाणी आणि चेंबर यांच्या शेजारी ते वाक्य बसवलं की खरी कारणंही संशयास्पद वाटू लागतात. अधिकारी शेवटचं वाक्य वाचून अर्ज बाजूला ठेवतात आणि तुमचं चेंबर तसंच राहतं.

सुतारपक्षी

सगळे जण मुभा म्हणजे घरं असं धरून चाललेत. तसं नाही. शिकागोत २०१३ आणि २०१५ मध्ये रेल्वे स्थानकांजवळच्या जमिनींवर जास्त बांधकामाला मुभा दिली. संशोधक योना फ्रीमार्क यांच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या पाच वर्षांत जमिनीचे भाव वाढले, पण बांधकाम परवाने वाढले नाहीत. म्हणजे फायदा जमीन धरून बसलेल्यांचा. भाडेकरू, तुम्हाला यातून काय मिळणार?

भाडेकरू

प्रश्न रास्त आहे. पण ती मुभा मोजक्या पट्ट्यांपुरती होती. कुठे मुभा आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्या जमिनीचा मालक अडून बसू शकतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडनं २०१६ च्या आराखड्यात शहरातल्या राहत्या जमिनीपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जमिनीवर नियम सैल केले. एक मालक अडला तर बांधणारा पुढच्या गल्लीत जातो. तिथं परवाने भराभर वाढले आणि त्यात मोठा वाटा टुमदार जोडघरांचा होता, मनोऱ्यांचा नाही. तिथल्या विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज असा की आराखडा झाला नसता तर भाडी आजच्यापेक्षा बरीच जास्त असती.

'नव्या इमारतीमुळे आजूबाजूची भाडी चढतात' हेही नेहमी ऐकू येतं. अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधल्या एका अभ्यासात नव्या मोठ्या इमारतींलगतची भाडी जरा लांबच्या घरांच्या तुलनेत सुमारे ६ टक्क्यांनी कमी दिसली. ऐपत असलेला माणूस नव्या घरात गेला की त्याचं जुनं घर कुणाला तरी मिळतं.

सुतारपक्षी

मिळतं, पण वेळ लागतो. आज जो मोडक्या घरात राहतो आहे त्याला आज उत्तर हवं. बाजारावर सोडून दिलं की सर्वांत खालच्या माणसाचा नंबर सर्वांत शेवटी. सरकारनं स्वतः घरं बांधायला हवीत. व्हिएन्नात १९२० च्या दशकापासून महापालिका बांधते आहे आणि आज शहरातले निम्म्याच्या आसपास लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात.

ओळंबा

सुतारपक्षी, अनुदानित घरं बांधायलाही आधी जमिनीवर सदनिकांची परवानगी लागते. आणि अशा घरांना गल्लीचा विरोध खासगी इमारतीपेक्षा जास्तच होतो.

पागोळी

अवांतर होतंय पण विचारते. उंचीवर नियम असतात, तसे सावलीवर असतात का? आमच्या स्वयंपाकघरात आता हिवाळ्यात ऊनच येत नाही. वाळत घातलेलं काही वाळत नाही, भिंतीला ओल धरली आहे.

ओळंबा

अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे. जपानमध्ये आहेत. तिथं १९७० च्या आसपास उन्हाच्या हक्कासाठी शेजारी न्यायालयात गेले, आंदोलनं झाली, आणि १९७६ मध्ये इमारत कायद्यात सावलीचा नियम आला. मोजणी वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाची करतात. सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळात (उत्तरेकडच्या होक्काइदोत ९ ते ३) तुमच्या इमारतीची सावली भूखंडाच्या हद्दीपासून ५ मीटर आणि १० मीटरवर किती तास पडेल ते नकाशावर काढावं लागतं. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त पडत असेल तर वरचा मजला मागे घ्यायचा किंवा उतरता करायचा. तिथल्या काही इमारतींचे वरचे मजले तिरपे कापल्यासारखे दिसतात, त्यामागे असे नियम आहेत.

आणि याच जपानमध्ये सर्वांत कडक अशा कमी उंचीच्या निवासी विभागातही सदनिकांना बंदी नाही. उंची १० किंवा १२ मीटरपर्यंत, घराला जोडून छोटं दुकानही चालतं. विभागांचे प्रकार राष्ट्रीय कायद्यानं ठरवले आहेत, आता ते १३ आहेत. शेजाऱ्याचं ऊन कायद्यानं राखलंय, मात्र शेजारी किती कुटुंबं राहणार यात कायदा पडत नाही. मला ही विभागणी फार न्यायाची वाटते.

पागोळी

असा नियम आमच्याकडे असता तर माझा विरोध निम्म्यानं कमी झाला असता. खरंच सांगते. आणि खोदकाम कुंपणापासून काही अंतर सोडून करायची सक्ती असती, तर उरलेला निम्माही.

रानवारा

पागोळी, हे तुमच्या हरकतीत शब्दशः लिहा. तळघर सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची पट्टी) सोडून आत ठेवायचं, म्हणजे कडेला सलग माती राहते, पाणी मुरतं आणि झाडाला मूळ धरायला जागा मिळते. पार्किंगची सक्ती कमी केली तर तळघराची गरजही घटते. मिनिआपोलिसनं २०२१ मध्ये किमान पार्किंगची अट काढून टाकली. तिथली बरीचशी नवी घरं मोठ्या रस्त्यांवरच्या इमारतींत झाली, आतल्या गल्ल्यांमध्ये तीन-तीन घरांच्या इमारती फारच कमी उठल्या.

वाटसरू

आणि गाड्या कुठे लावणार? रस्त्यावर. परत आमच्याच दारात.

रानवारा

काका, रस्त्यावरची जागा फुकट असेल तर दारात लागणारच. तिथं परवाना ठेवा, शुल्क ठेवा. तो वेगळा नियम आहे, आणि त्यासाठी कुणाचं घर अडवायची गरज नाही.

खिडकी

पहिल्यांदाच लिहिते आहे. माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. मोठ्या घरात एकटीच राहते, जिना चढवत नाही, अंगण झाडून होत नाही. तिला त्याच भागात, त्याच मैत्रिणींमध्ये, लिफ्ट असलेलं लहान घर हवंय. तसं एकही नाही, कारण नियमात बसत नाही. घर विकून लांब जायचं किंवा आहे तिथंच कुलूपबंद खोल्यांच्या सोबतीनं राहायचं, एवढंच तिच्या हातात आहे. दाट घरांचा विषय निघाला की नेहमी तरुण भाडेकरू डोळ्यांपुढे येतो. माझ्या डोळ्यांपुढे आई येते.

निशिगंध

खिडकी, लिहीत राहा. तुमच्या प्रतिसादानंतर आमच्या गल्लीतल्या वरच्या मजल्याच्या बंद खिडक्या मी आज नीट पाहिल्या. त्या घरांतल्या आजी-आजोबांनीही सह्या केल्या आहेत.

वाटसरू

मीही सत्तरीचाच आहे. मला लिफ्ट नको, माझं अंगण हवं. तेही लक्षात घ्या.

खिडकी

काका, तुमचं अंगण कुणी मागत नाहीये. नियम बदलला तरी तुमचं घर तुमचंच राहतं, बांधायची सक्ती नाही. आईला मात्र आज बंदी आहे. हा फरक मला मोठा वाटतो.

वाटसरू

फरक आहे, मान्य. पण दोन्ही बाजूंना चार मजले उठले की मधल्या अंगणाचं काय होतं ते पागोळीताईंना विचारा.

तळटीप

या पेचावर अमेरिकेतल्या ह्यूस्टननं एक तोड काढली. १९९८ मध्ये त्यांनी शहराच्या मध्यभागात किमान भूखंड ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणला आणि २०१३ मध्ये तो नियम बाकी शहरालाही लावला. सोबत सोय ठेवली की एखाद्या गल्लीतल्या पुरेशा मालकांनी अर्ज केला तर तिथं जुना, मोठा किमान भूखंड कायम ठेवता येतो. काही गल्ल्यांनी तसं करून घेतलं. बाकी शहर मोकळं झालं आणि तिथं हजारो अरुंद, तीन मजली घरं उभी राहिली.

भाडेकरू

मला ही सोय रुचत नाही. ज्यांच्याकडे वेळ आणि वकील आहे त्याच गल्ल्या बाहेर राहतात. पण काहीच न होण्यापेक्षा बरं, हे मान्य.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. सामुदायिक अर्जावर मी सही करत नाही, कारण त्यात सरसकट विरोध आहे आणि ते शेवटचं वाक्य काढायला मंडळी तयार नाहीत. स्वतंत्र पत्र देणार आहे. चार मजल्यांना हरकत नाही. पण सांडपाण्याच्या नळीचं काम झाल्याशिवाय भोगवटा दाखला देऊ नये, तळघर कुंपणापासून आत असावं, शेजारच्या भूखंडावरची झाडंही नकाशात दाखवावीत, आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सावलीचा नकाशा जोडावा. लहान सदनिकांचा काही वाटा सक्तीचा असावा, असंही लिहिते आहे. काही राहिलं का?

सुतारपक्षी

त्यातल्या काही सदनिका परवडणाऱ्या भाड्यासाठी राखीव मागा. मिळणार नाहीत, तरी मागा. नोंद राहते.

वाटसरू

मी सामुदायिक अर्जावर सही केली आहे आणि ती कायम आहे. पण नळीबद्दल लिहिताना व्यास आणि कोणत्या चेंबरपासून कोणत्या चेंबरपर्यंत ते लिहा. नुसतं 'सांडपाण्याची व्यवस्था अपुरी' लिहिलं की उत्तर येतं 'व्यवस्था पुरेशी आहे'. झाकण उचललं गेल्याचे फोटो माझ्याकडे आहेत, तारखेसकट. हवे असतील तर निरोप टाका.

ओळंबा

निशिगंधताई, एक राहिलं. मसुद्याच्या नकाशात तुमच्या रस्त्याची आजची रुंदी आणि प्रस्तावित रुंदी दोन्ही बघा. बऱ्याच ठिकाणी किती मजले मिळणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि रुंदीकरणाची रेषा तुमच्या कुंपणांच्या आतून गेलेली असू शकते. गल्लीत सगळे मजले मोजत बसतात आणि ती बारीक तुटक रेषा कुणी पाहत नाही. ती आतून जात असेल तर पत्र द्यायच्या आधी काकांनाही दाखवा, कारण मग त्यांच्या अंगणाचा प्रश्न शेजारच्या इमारतीचा राहत नाही.